अर्ध्या किलोचे तीन बार

बोरवाडी, ता. हदगाव
१४ एप्रिल

चि. सुकन्या,

तुला, दयानंदरावांना आणि लेकरांना आत्याचे आशीर्वाद.

पत्र पाहून घाबरू नकोस. इकडे सगळे ठणठणीत आहेत. घरात फोन असताना आत्याला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तू म्हणशील. फोन आहे, पण तो सगळ्या घराचा आहे. मी बोलायला लागले की आमची दीपाली लगेच स्पीकर चालू करते. मला कमी ऐकू येतं असं माझ्या सुनेनं स्वतःच ठरवून टाकलंय. मग माझं बोलणं गोठ्यातल्या म्हशीपर्यंत जातं. तेहतीस वर्षं या गावचं पोस्ट सांभाळलं, गावाची गुपितं पाकिटात घालून घरोघर पोचवली. माझं स्वतःचं गुपित पाकिटात घालायची ही पहिलीच वेळ. नवा पोस्टमास्तर आनंदराज माझ्याच हाताखाली शिकलेला आहे. लातूरचं पत्र आलं तर माझ्याच हातात द्यायचं, असं त्याला बजावून ठेवलंय.

आता कामाचं. जानेवारीत मी निवृत्त झाले, त्याचे पैसे आले. तेव्हापासून व्यंकटच्या डोक्यात फवारणीचा ड्रोन बसलाय. जेवताना सुद्धा मोबाईलवर तेच पाहून राहिला. परवा म्हणाला, "माय, धा मिनिटांत एक एकर होतंय!" मी म्हटलं, "आपली जमीन सहा एकर. तासाभरात फवारणी झाली, मग बाकी वर्षभर त्याच्यानं काय कबुतरं हाकायची?" दीपाली हसली, तो रुसला.

पोरगा वाईट नाही. अडचण माझीच आहे. त्यानं चार वेळा मागितलं की पाचव्या वेळी माझ्याच्यानं नाही म्हणवत नाही. आणि हे पैसे मला डाळ मिलसाठी पाहिजेत. मोठी नाही गं, घराच्या पडवीत बसेल अशी लहान. आमची तूर आम्ही व्यापारी म्हणेल त्या भावानं घालतो आणि तिचीच डाळ दुकानातून पाकिटात आणतो, हे मला वीस वर्षांपासून खटकतंय. कृषी कार्यालयात अर्ज दिलाय. मंजुरीचं पत्र आलं की महिन्याच्या आत मशीन आधी आपल्या पैशानं घ्यायची, अनुदान मागून मिळतं. मुदत चुकली की नाव गेलं. तोवर हे पैसे जागेवर राहिले पाहिजेत, आणि कुणाला दिसले नाही पाहिजेत.

बँकेत ठेवले तर मेसेज व्यंकटच्या मोबाईलवर वाजतो. पोस्टाचं पासबुक सगळ्यांनी पाहिलंय. सोनं घेतलं तर ते अंगावर दिसतं. पेपरात वाचलं की आता खाजगी कंपन्यांचे चांदीचे बार मिळतात आणि लोक ते गुंतवणूक म्हणून घेतात. हदगावचे सराफ मला ओळखतात, नांदेडचे व्यंकटच्या सासऱ्याला ओळखतात. लातुरात मला ओळखणारी तू एकटी. वीस तारखेला औशाच्या लग्नाला येते आहे. वाटेत तुझ्याकडे उतरेन. पैसे बरोबर असतील.

तुझी,
सिंधूआत्या


लातूर
२६ एप्रिल

ती. आत्या,

नमस्कार. तू लग्नाच्या आहेराखालून नोटा काढल्यास तेव्हा माझी धाकटी म्हणाली, "आजी एटीएम आहे का?" तिला चॉकलेट देऊन गप्प केलंय. कामाला लागले.

परवा आम्ही दोघं पंचाक्षरी अप्पांच्या दुकानात गेलो. माझं मंगळसूत्र त्यांच्याकडचंच, म्हणून तिथे. अप्पांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं, "जोडवी दाखवू, का ताट-वाटी?"

मी म्हटलं, "काहीच घडवायचं नाही. नुसती ठेवायची आहे."

"मग बार घ्या की, ताई. दागिन्यात घडणावळ जाते ती परत येत नाही बगा."

त्यांनी गल्ल्यामागून बार काढले. आत्या, दिसायला अगदी वडीसारखा, पण हातात घेतला की मनगट खाली जातं. कार्डावर घट्ट बसवलेला, वरून प्लास्टिक सीलबंद. वर कंपनीचं नाव, वजन, शुद्धतेचा ९९९ हा आकडा आणि प्रत्येकाला वेगळा नंबर. मी विचारलं, हे सरकारी आहे का? अप्पा म्हणाले, "न्हाई, खाजगी कंपनीचं. म्हणून तर सील आणि बिल जपायचं. विकायला आणाल तवा सील शाबूत असलं तर नंबर बघून घेतो. फुटलं असलं तर तपासावं लागतंय, मग थोडी घट धरतो. आणि एक सांगतो, भाव वर जातोय तसा खालीबी येतोय. मागून मला बोल लावायचा न्हाई." एवढं बोलून चहा पाजला.

अर्ध्या किलोचे तीन बार घेतले. टॅक्स धरून तुझ्या पैशात बसले, शंभरएक रुपये उरले, त्याचे पेढे घेतले. हे २९ तारखेला औषध कंपनीच्या कामानं नांदेडला येणार आहेत. बसस्टँडसमोरच्या रसवंतीत अकरा वाजता भेट. तुझी चांदी खोकल्याच्या औषधाच्या खोक्यात असेल. कुणी विचारलं तर खोकून दाखव.

बिल सोबत ठेवलंय. आणि मोठ्या अक्षरात लिहिते: पाकीट उघडायचं नाही.

तुझी,
सुकन्या


बोरवाडी
६ मे

चि. सुकन्या,

माल पोचला. दयानंदरावांनी खोका असा हातात दिला की मला वाटलं खरंच औषध आहे. मी दोनदा खोकले पण. रसवाल्यानं मला आलं जास्त घालून दिलं.

दुसऱ्याच दिवशी अक्षय तृतीया होती. अशी लक्ष्मी घरात यावी आणि तिला हळदीकुंकू लावू नये, हे मला जमण्यासारखं नव्हतं. व्यंकट आणि दीपाली तिच्या माहेरी गेले होते, घर मोकळं. देवापुढे पाट मांडला, तिन्ही बार ठेवले. पण प्लास्टिकवर कुंकू कसं टिकेल? लावलं की घसरून खाली. दोन वेळा प्रयत्न केला. शेवटी अडकित्त्यानं कडा कापल्या आणि बार बाहेर काढले. उघड्या चांदीवर ओली हळद काय सुंदर दिसते गं! पाच बोटं हळदीची, पाच कुंकवाची. प्रत्येकाला एकेक सुपारी, थोड्या अक्षता, आणि लाल खणाच्या तुकड्यात वेगवेगळी बांधून टाकली. तुझी मोठी अक्षरं मी वाचली होती. पण पूजा न करता ठेवली असती तर मला झोप आली नसती.

कार्डं चुलीत टाकली, पुरावा नको म्हणून. बिल मात्र माझ्या जुन्या टपालथैलीत आहे.

ठेवली कुठे, ते तुलाही सांगत नाही. जिथे उंदीर जात नाही, लेकरं जात नाहीत आणि दीपाली तर नाक धरून पळते, अशी जागा आहे. तिजोरीपेक्षा पक्की.

आता रोज पेपर आला की मी आधी शेवटच्या पानावरचा भाव वाचते. व्यंकट म्हणाला, "माय, तू कधीपासून चांदी बघून राहिली?" मी म्हटलं, "जोडवी झिजली माझी." त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं. मी पाय पदराखाली घेतले.

तुझी,
सिंधूआत्या


लातूर
१४ मे

ती. आत्या,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला आणि ह्यांनी टाळी वाजवली. "मी म्हटलं होतं ना, पोस्टात ठेवायचे," हे वाक्य मी चार दिवसांत अकरा वेळा ऐकलंय.

अप्पांना विचारून आले. ते म्हणाले, "पाकीट फोडणारं तुमचं एकलं घर न्हाई. लक्ष्मीपूजन झालं की धा जण तसंच आणतात, कुंकवासकट." तेव्हा घाबरू नकोस. बार खरा आहे, बिल आहे, तपासून घेतील. थोडी घट जाईल, ती तुझ्या अक्षय तृतीयेची दक्षिणा समज.

पण आत्या, जागा सांग ना. उद्या तुला काही झालं तर आम्ही काय सगळं घर खणायचं? देवानं तुला शंभर वर्षं द्यावीत, पण देवालाही पत्ता लागतो. तू तर पोस्टातली.

तुझी,
सुकन्या


बोरवाडी
२१ जून

सुकन्या,

चांदी गेली.

दोन दिवसांपासून घास उतरत नाही. आता तुझ्यापासून जागा लपवून काय उपयोग? रानातल्या खोपीत, आखाड्यावर, मागच्या वर्षीची गंधकाची अर्धी गोणी उरली होती. सोयाबीनला पेरताना घालतो ते पिवळं गंधक. तिला कुणी हात लावत नाही, वास येतो, डोळे झोंबतात. मी तिन्ही पुरचुंड्या तळाशी खुपसल्या होत्या. ह्या साली व्यंकट नवीन गोणी आणणार असं त्यानंच मला सांगितलं होतं. मी नवीन गोणीची वाट पाहत राहिले. पेरणीच्या दिवशी दुकान बंद होतं म्हणून त्यानं आधी जुनी संपवायला घेतली. मी भाकरी घेऊन आखाड्यावर पोचले तोवर गोणी घडी करून खुंटीला टांगलेली.

मला विचारता येत नाही. काय विचारू? "व्यंकट, गंधकात काही सापडलं का रे?" काय, असं तो विचारेल. मग सगळंच सांगावं लागेल.

पण त्याला सापडलं आहे, हे नक्की. त्या दिवसापासून घरात कुजबूज आहे. मी आले की दोघं गप्प. दीपालीनं दाराला लिंबू-मिरची बांधलं. व्यंकट अंगणात जाऊन हळू आवाजात कुणाशी तरी फोनवर बोलतो. परवा "लातूर" एवढा शब्द ऐकला. मला वाटतं त्यानं चांदी लातूरला विकायला काढली आणि ड्रोनची बोलणी चालू आहेत. माझ्या तोंडावर मागितलं असतं तर मी दिलं असतं, ही भीती होतीच. पण न विचारता घेईल असं वाटलं नव्हतं.

राग मानू नकोस, पण एक विचारते. दयानंदराव कुणाला काही बोलले का? व्यंकटला आधीपासून माहीत होतं का?

कृषी कार्यालयातला साहेब म्हणाला, यादी महिना-दीड महिन्यात लागेल. लागली तरी आता काय करू?

सिंधू


लातूर
२६ जून

ती. आत्या,

आधी भाकरी खा. मग पुढे वाच.

खाल्लीस? आता ऐक. ह्यांनी कुणालाही काही सांगितलेलं नाही. तुझी ती ओळ वाचून थोडं लागलं त्यांना, पण माणूस भला आहे, दुसरा चहा पिऊन विसरले. आणि व्यंकटनं लातूरला फोन केला तो सराफाला नाही, मला केला.

१९ तारखेला संध्याकाळी त्याचा फोन. आवाज इतका बारीक की मी ओळखलंच नाही. "अक्का, तुमच्याकडं भानामती उतरवणारं कुणी हाय का?"

मी म्हटलं, "काय झालं रे?"

"गंधकाच्या गोणीत निघाली. तीन पुरचुंड्या, लाल कपड्याच्या. एक काठीनं उघडली, तर आत सुपारी, तांदूळ, अन् हळदीकुंकवाचा काळाठिक्कर दगड. चौकोनी, लई जड. वर आकडे कोरलेत, अक्का. आजकाल भानामतीवाले पण नंबर टाकून राहिले!"

मी फोन उशीवर दाबून हसले. मग विचारलं, पुढे काय केलंस? म्हणाला, "हात लावायची हिंमत न्हाई झाली. दीपाली म्हणाली, ज्यानं केलं त्याच्याच रानात टाक. फावड्यावर घेतलं अन् बांधापलीकडं सटवाजीच्या वावरात फेकलं. मागच्या साली लिंबाच्या फांदीवरून भांडला होता ना तो, त्याचंच काम हाय." आणि शेवटी काय म्हणाला माहीत आहे? "अक्का, मायला सांगू नको. तिच्यावरच केलं असंल म्हणून ती हल्ली पेपर वाचताना एकटीच हसते. तिला कळलं तर भिऊन जाईल."

मी त्याला शब्द दिला की सांगणार नाही. तो आता मोडते आहे. दोनदा तुला फोन केला, दोन्ही वेळा दीपालीनं उचलला आणि स्पीकर लावला. म्हणून हे स्पीड पोस्ट.

अप्पांकडे धावत गेले. गंधक म्हटल्याबरोबर त्यांनी चष्मा काढला. "अवो, चांदीला गंधक म्हणजे काजळच की! काळी होणारच. पर आतून काय बी होत न्हाई. सापडली तर घासू नका, तशीच आणा."

आत्या, तुझी चांदी विकलेली नाही, कुणी चोरलेली नाही. ती सटवाजीच्या वावरात पडली आहे. उठ आणि जा.

तुझी,
सुकन्या


बोरवाडी
६ जुलै

चि. सुकन्या,

दयानंदरावांना आधी सांग की आत्यानं कान पकडले. म्हातारीला समजून घ्या म्हणावं.

तुझं पत्र आनंदराजनं हातात दिलं तेव्हा मी दळण घेऊन चालले होते. दळण त्याच्याच टेबलावर ठेवून तशीच रानात गेले. बांधाकाठचं सटवाजीचं सोयाबीन बोटभर आलेलं. वाकून वाकून एकेक ओळ पाहिली. दगड शंभर, चांदी एक नाही. तेवढ्यात मागून आवाज आला, "पोस्टबाई, काय हरवलं?"

सटवाजीची बायको चांगुणा. कमरेवर हात.

मी म्हटलं, "कानातलं पडलं गं."

"कानातलं दोन्हीकडं हाय तुमच्या," ती म्हणाली. "अन् पडलं तर आमच्या वावरात कसं पडलं? चला घरी, चहा घ्या."

चहा झाल्यावर तिनं ज्वारीच्या कोठीतून एक पितळी डबा काढला आणि झाकण उघडलं. तिन्ही बार! काळे कुळकुळीत, जशी तव्याची पाठ. एकाच्या कोपऱ्यावर कुऱ्हाडीचा घाव, आणि त्या घावातून पांढरीशुभ्र चांदी चमकून राहिलेली.

चांगुणा म्हणाली, "कोळपणी करताना आमच्या ह्यांच्या डवऱ्याच्या फासाला लागली. हे तिथंच बसले मटकन. म्हणाले, व्यंकट्यानं भानामती केली. तीन दिवस जेवले न्हाई. मी म्हटलं, दगड हाय तर फुटंल, भूत हाय तर वरडंल. हाणली कुऱ्हाड. ना फुटला, ना वरडला. मग ओळखलं मी. अन् तुमचा लेक फावड्यानं फेकताना मी डोळ्यानं पाहिला होता. खरं सांगा पोस्टबाई, पैसा लई झाला का तुम्हांला? पेरून राहिलात?"

मला हसू पण आलं आणि रडू पण. सगळं सांगून टाकलं तिला. पैसे, पूजा, गोणी, डाळ मिल. ती ऐकत होती. मी डब्याकडे हात नेला तर तिनं झाकण लावलं.

"चांदी तुमचीच हाय, एक कण कमी न्हाई. पण माझ्या नवऱ्यावर भानामतीचा आळ आलाय. तुमच्या सुनेनं पाणवठ्यावर दोघीजणींना सांगितलंय. आमची पोरगी दिल्या घरी हाय, तिच्या कानावर गेलं तर? व्यंकटनं यावं, ह्यांच्यासमोर म्हणावं की तुम्ही काही केलं न्हाई. अन् डबा घेऊन जावं."

काय चूक होतं तिचं? पण व्यंकटला तिथे पाठवायचं म्हणजे आधी मला सगळं सांगायला लागणार. चार दिवस ढकलले. दोन वेळा बोलायला तोंड उघडलं आणि चहाच मागितला. पाचव्या दिवशी जेवणं झाल्यावर दोघांना समोर बसवून सांगितलं, अगदी तुझ्या मोठ्या अक्षरांपासून. दीपालीनं पदर तोंडावर घेतला. ती हसत होती का लाजत होती, कळलं नाही. व्यंकट मात्र हसला नाही. ताटात बोटानं एक रेघ ओढली. मग म्हणाला, "माय, तुला माझा भरवसा न्हाई. गंधकाच्या गोणीचा हाय."

सुकन्या, ते फार लागलं गं. मी म्हटलं, "तुझा आहे रे. माझाच नाही. तू पाचव्यांदा मागितलं असतं आणि मी देऊन टाकलं असतं. आणि मग जन्मभर तुला बोलत राहिले असते."

तो उठला, हात धुतले आणि थेट सटवाजीच्या घरी गेला. मी मागोमाग. दोघं ओट्यावर एकमेकांकडे न बघता बसले. व्यंकट खाली बघून म्हणाला, "काका, चुकलं. तुम्ही काही केलं न्हाई. आमच्या मायची चांदी होती." सटवाजी म्हणाला, "मी बी लिंबू टाकलं तुझ्या वावरात. तीन. उद्या उचलून घेतो." चांगुणा आतून ओरडली, "आता फांदीचं पण बोलून घ्या, माणसं जमलीच हायत तर." फांदीवरून मात्र पुन्हा अर्धा तास भांडले, पण बसून. दीपाली दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर जाऊन खरं काय ते सांगून आली. आता सारं गाव हसून राहिलंय, पण आमच्यावर.

बार आता माझ्या पेटीत आहेत, किल्ली भिंतीतल्या देवळीत असते, सगळ्यांना दिसते. व्यंकट बोलतो, पण मोजकं.

तुझी,
सिंधूआत्या


लातूर
१९ ऑगस्ट

ती. आत्या,

व्यंकट आज दुपारच्या गाडीनं परत निघाला. तो रात्री सांगेलच, पण त्याला सगळं सांगता येणार नाही, म्हणून लगेच लिहिते आहे.

तुझ्या मंजुरीचं पत्र आलं आणि तू बार घेऊन त्यालाच पाठवलंस, हे फार बरं केलंस. काल संध्याकाळी उतरला तो डबा छातीशी धरून. नांदेडपासून पाय अवघडले तरी मांडीवरून खाली ठेवला नव्हता. सकाळी अप्पांकडे गेलो. अप्पांनी काळे बार पाहिले, कुऱ्हाडीचा घाव पाहिला, आणि म्हणाले, "चाळीस वर्षं झाली दुकानाला. गहाण पडलेली चांदी बगितली, वितळलेली बगितली. डवऱ्याला लागलेली पैलीच." मशीनवर तपासली. तिन्ही अस्सल निघाले. बिल जुळलं, नंबरही घासून वाचता आले. घट अगदी थोडी धरली. भाव एप्रिलपेक्षा चांगलाच वर आहे, त्यामुळे घट जाऊनही तुझ्या घातल्यापेक्षा जास्त येत होते.

मग अप्पांनी स्वतःच सांगितलं, "घाई नसंल तर दिवाळीपर्यंत थांबा. माझा अंदाज हाय, अजून चढंल. अंदाजच बगा, लिहून देत न्हाई."

व्यंकट म्हणाला, "दोन मिनिटं," आणि फोन घेऊन बाहेर गेला. आत्या, खरं सांगते, मी दारातून त्याच्यावरच डोळा ठेवून होते. रात्री जेवताना तो ह्यांना ड्रोनचे व्हिडिओ दाखवत होता. दिवाळीपर्यंत थांबलं तर मशीनही होईल आणि ड्रोनचा पहिला हप्ताही निघेल, हा हिशेब मलासुद्धा सुचला होता, त्याला सुचला नसेल कसा? आणि तोवर तुझी मुदत गेली असती.

तो आत आला. "अक्का, मशीनवाल्याशी बोललो. आज पैसे भरले तर शनिवारी हदगावला पोचवतो म्हणतो. विका, अप्पा."

अप्पा म्हणाले, "बगा हं, मागून म्हणाल."

तो म्हणाला, "मायनं वीस वर्षं वाट पाहिली. चांदीला घाई न्हाई, तिला हाय."

अप्पांनी चष्मा पुसला. मी रस्त्याकडे पाहिलं. मग तिथूनच मशीनचे पैसे भरले, मोटर आणि केबलचे वेगळे ठेवले. पावती त्यानं चार घड्या करून खिशात ठेवली आणि वर हात दाबून धरला.

एक कबुलीही देऊन टाकते. एप्रिलमध्ये त्या दुकानात, हे फोनवर बोलायला बाहेर गेले तेवढ्यात, मी पण एक शंभर ग्रॅमचा घेतला होता. ह्यांना माहीत नाही. गंधकात ठेवलेला नाही, एवढंच सांगते.

तुझी,
सुकन्या


बोरवाडी
९ सप्टेंबर

चि. सुकन्या,

उशीर झाला लिहायला. मशीन आली ती टेम्पोतून उतरवायला आठ माणसं लागली, त्यात सटवाजी सगळ्यात पुढे आणि सगळ्यात जास्त ओरडणारा. पडवीत बसवली. व्यंकटनं दोन दिवस पट्टा, मोटर आणि पुस्तकातल्या आकृत्या यांच्याशी झटापट केली. मी तिसऱ्या दिवशी मशीनवाल्याला बोलावलं. त्यानं पट्टा उलटा काढून सुलटा घातला. व्यंकट म्हणाला, "मी तेच करणार होतो."

पहिलं पोतं मुगाचं. डाळ कमी आणि चुरा जास्त. माझं तोंडच पडलं. चांगुणा म्हणाली, "मूग ओला हाय, बाई. माणूस सुद्धा ओला असला की भरडत न्हाई." दोन उन्हं दिली आणि पुन्हा घातला. ह्यावेळी अशी पिवळी, एकसारखी डाळ पडायला लागली की दीपालीनं खाली हात धरला आणि धरूनच ठेवला. आता गावातल्या बाया घमेली घेऊन दारात बसतात. कुणी किलोनं पैसे देतं, कुणी चुरा ठेवून जातं, तो म्हशीला. वही व्यंकट लिहितो. मी सांगितलं नव्हतं. परवा पाहिलं तर पहिल्या पानावर "सिंधू डाळ मिल" असं ठळक लिहून ठेवलेलं, खाली स्वतःचं नाव "चालक" म्हणून. पगार किती घेणार विचारलं. म्हणाला, "ते मालकीणबाईंनी ठरवायचं." आता नीट बोलतो. ड्रोनचंही बोलतो. म्हणतो, मिलच्या कमाईतून घेऊ. मी म्हटलं, बघू. आणि ह्यावेळी मनातूनही बघूच म्हटलं.

दयानंदरावांसाठी पाच किलो मुगाची डाळ आनंदराजकडे दिली आहे, पार्सलनं येईल. नीट शिवली आहे, तेवढं मला येतं. आमच्याकडे ह्या आठवड्यात लाईट दुपारी दोनला येते. दारात सात बाया, चांगुणा सगळ्यात पुढे, आणि मी हे पत्र लिहून राहिले म्हणून ती मला ऐकवून राहिली, की पोस्टातून निवृत्त झाली पण पोस्ट सुटलं नाही. अजून तुझ्या लेकरांचं विचारायचं होतं, त्यांच्या परीक्षेचं, आणि तुझ्या त्या शंभर ग्रॅमचं

लाईट आली. निघते.

सिंधूआत्या